उशिरा आलेली उत्तरं

ही गोष्ट दुपारची आहे. अशा गोष्टी रात्रीच असाव्यात असं आपल्याला वाटतं, पण त्या वॉर्डात रात्री कधी शांत नसायच्या. कुणाला खोकला यायचा, कुणाला पाणी हवं असायचं, कुणी झोपेत आपल्या भावाला हाका मारायचं. शांत असायची ती दुपार. जेवणं उरकली, पडदे ओढले, की त्या लांबट खोलीत एक ते तीन अशी काही शांतता उतरायची की आत येणारा माणूस आपोआप चपला हातात घ्यायचा.

त्या दुपारी ती आली तेव्हा तिच्या हातात बाबांच्या धुतलेल्या कपड्यांची पिशवी होती, खांद्याला लॅपटॉप होता आणि डोक्यात साधंच काम होतं. आपण लिहिलेला नवा प्रोग्राम टेबलावरच्या कॉम्प्युटरवर चढवायचा, एकदा चालवून बघायचा, बाबांचे केस विंचरायचे आणि घरी जायचं.

वॉर्ड दुसऱ्या मजल्यावर होता. दोन्ही भिंतींशी सहा-सहा पलंग, मध्ये चालायची वाट, दाराशी मोठ्या सिस्टरांचं टेबल. इथं माणसं बरी व्हायला येत नसत, सांभाळली जायला येत. प्रत्येक गादीखाली साबणाच्या डबीएवढी एक डबी ठेवलेली असे. तिला गादीतून श्वास कळायचा. वीस सेकंद श्वास लागला नाही की ती टेबलावरच्या कॉम्प्युटरला कळवायची, आणि कॉम्प्युटर घंटा वाजवायचा.

अडचण एकच होती. वीज क्षणभर जरी गेली तरी भिंतीवरचा राउटर नव्यानं सुरू व्हायचा, डब्यांचे पत्ते बदलायचे आणि कोण कुठं आहे हे कॉम्प्युटरला कळेनासं व्हायचं. मग तो शोध घ्यायचा. म्हणजे सगळ्या नेटवर्कवर एक हाक मारायचा, कोण कोण आहे? आणि मग एकेक डबी आपलं नाव सांगून हजेरी द्यायची.

नावं मोठ्या सिस्टरांनी ठेवलेली होती. पलंगाच्या आकड्यानं माणसाला हाक मारणं त्यांना पटत नसे. त्यामुळे यादीत 'कर्नल' होते, जे आयुष्यात कधी सैन्यात नव्हते पण चहा मागायचे ते हुकूम सोडल्यासारखा. 'महाराणी' होत्या. 'दोन साखर' नावाचे एक गृहस्थ होते, ज्यांना साखर वर्ज्य होती. तिच्या बाबांचं नाव होतं 'एक्सचेंज', कारण त्यांची सारी नोकरी टेलिफोन एक्सचेंजमध्ये गेली होती.

जुना प्रोग्राम हाक मारून तीन सेकंद थांबायचा. तीन सेकंदांत जे बोलले ते हजर, बाकीचे जणू नाहीतच. दोन वर्षांपूर्वी नऊ नंबरच्या पलंगावर तिची आई होती. एका दुपारी दिवे लुकलुकले, शोध झाला, आणि आईच्या डबीनं चौथ्या सेकंदाला उत्तर दिलं. प्रोग्रामच्या लेखी नऊ नंबरचा पलंग रिकामा होता. रिकाम्या पलंगासाठी घंटा वाजत नाही. चार वाजता सिस्टर चहाचा कप घेऊन गेल्या, तेव्हा कळलं.

त्या वेळी ती शिकायला दूर देशात होती. तिकडे पहाट होती आणि खिडकीबाहेर बर्फ पडत होतं. फोन ठेवल्यावर ती बराच वेळ फक्त एवढाच विचार करत राहिली की एक सेकंद म्हणजे किती. मग आठ महिन्यांपूर्वी बाबांना लकव्याचा झटका आला, अर्धं अंग आणि वाचा गेली, आणि तिनं तिकडची आलेली नोकरी नाकारून सामान बांधलं. लोकांनी वेड्यात काढलं. ती प्रत्येकाला तेच सांगत सुटली, की या वॉर्डात यापुढं एकही माणूस न सापडलेलं राहणार नाही. तिच्या बोलण्यात तेव्हा सभेतल्या भाषणाचा सूर असायचा. मोठ्या सिस्टर तिला 'इंजिनियरबाई' म्हणत. त्या म्हणण्यात चेष्टा किती आणि माया किती, हे ओळखणं कठीण होतं.

तिचा प्रोग्राम घाईत नव्हता. तो हाक मारायचा आणि थांबायचा. उत्तर आलं की आणखी पाच सेकंद थांबायचा, आणखी कुणी आहे का म्हणून. पुन्हा उत्तर आलं, पुन्हा पाच सेकंद. पाच सेकंद पूर्ण शांततेत गेले, की मगच शोध संपला असं मानायचा. ही शिकवण बाबांची होती. एक्सचेंजमध्ये ते नव्या मुलींना सांगायचे, घंटी तीस वेळा वाजू द्या, माणूस अंघोळीला गेलेलं असतं.

एक गोष्ट मात्र तिनं चुकीची केली होती, आणि ती चूक आहे हे तिला ठाऊक होतं. असा शोध चालू असताना प्रोग्राम दुसरं काहीच करत नाही. तो दाराला कान लावून उभा असतो. मागं घर पेटलं तरी वळून बघत नाही. दाराशी दुसऱ्या कुणाला तरी उभं करावं आणि आपण घराकडं लक्ष ठेवावं, हे तिला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. पण तिचा युक्तिवाद असा की कोण कुठं आहे हेच कळलेलं नाही, तोवर घंटा वाजवायची तरी कुणाची? आधी सगळे सापडू देत. शिवाय घरी पन्नास वेळा तपासलं होतं. जास्तीत जास्त वेळ लागला होता तो नऊ सेकंद.

मोठ्या सिस्टरांनी चष्म्यावरून तिच्याकडं बघत विचारलं होतं, की तुझा प्रोग्राम असा कान लावून बसलेला असताना इकडे कुणाचा श्वास थांबला तर? नऊ सेकंदांत काय होतंय, असं ती म्हणाली.

"आणि उत्तरं येतच राहिली तर?"

"बारा पलंग आहेत सिस्टर. येऊन येऊन किती येतील?"

कॉम्प्युटरच्या पडद्यावर एक बटण तरी ठेव, असं सिस्टर म्हणाल्या. म्हणून तिनं कोपऱ्यात एक बटण ठेवलं आणि त्यावर लिहिलं, 'पुरे'.

त्या दुपारी प्रोग्राम चढवून झाला. टेबलावर फिनेलचा आणि उकडलेल्या बटाट्यांचा मिसळलेला वास रेंगाळत होता. पडद्यांतून येणारा उजेड दुधात पाणी घातल्यासारखा पांढुरका होता आणि त्यात पलंग तरंगत असल्यासारखे दिसत होते. बारा श्वास चालले होते. नीट ऐकलं तर ते वेगवेगळे ओळखू यायचे. कर्नलांचा घोरता, महाराणींचा शिट्टीसारखा बारीक, आणि अकरा नंबरवर बाबांचा, मध्येच अडखळून पुन्हा वाट सापडणारा. सिस्टर खुर्चीत बसून पट्ट्यांची गुंडाळी करत होत्या.

वीज तशी गेली नाही. डोळ्याची पापणी लवावी तसे दिवे मिटले आणि उघडले. भिंतीवर राउटरचे हिरवे ठिपके विझले, थोड्या वेळानं एकेक करून लागले. शोध सुरू झाला.

महाराणी. दोन साखर. एक्सचेंज. कर्नल. नावं एकाखाली एक उमटत गेली. सात सेकंदांत बारा झाली. तिला ऊर भरून आल्यासारखं वाटलं. कडेला पाच सेकंदांची उलटी मोजणी चालू होती. चार. तीन. दोन. एक.

शिंपीणबाई.

तिनं ओळ पुन्हा वाचली. मग सिस्टरांना हळूच विचारलं की शिंपीणबाई म्हणजे कुठला पलंग.

सिस्टरांच्या हातातली पट्टी थांबली. त्यांनी उठून पडदा बघितला. बराच वेळ बघितला, म्हणजे चार सेकंद तरी, कारण तेवढ्यात मोजणी पुन्हा एकवर आली होती आणि खाली आणखी एक नाव उमटलं.

पोस्टमास्तर.

"हे दोघं गेले," सिस्टर म्हणाल्या. "तू यायच्या फार आधी."

त्या वॉर्डात एक रीत होती. मोठ्या सिस्टरांनीच पाडलेली. ज्या डबीनं एका माणसाचा शेवटचा श्वास ऐकला, ती डबी दुसऱ्या कुणाच्या गादीखाली लावायची नाही. तिची बॅटरी काढायची आणि चादरींच्या कपाटात वरच्या फळीवर एका पत्र्याच्या पेटीत ठेवून द्यायची. नाव तसंच राहू द्यायचं. तिनं पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा ती हसली होती, यंत्राला कसली आठवण, म्हणून. पण आईची डबीही त्याच पेटीत आहे हे कळल्यावर तिचं हसू तिथंच विरलं होतं.

आता तिला आठवलं ते एवढंच, की बॅटरी नसलेली डबी उत्तर देत नाही. देऊच शकत नाही. कुठंतरी जुनी नावं साठून राहिली असतील, राउटरच्या पोटात, कुठंही. तिनं सिस्टरांना तसं सांगायला तोंड उघडलं, पण सिस्टर कपाटाकडं गेल्या होत्या. परत आल्या तेव्हा पेटी त्यांच्या हातात होती. झाकण उघडं होतं. आत डब्या होत्या तशाच होत्या, उघड्या पाठीच्या, बॅटऱ्यांच्या जागा रिकाम्या.

"हात लाव," सिस्टर म्हणाल्या.

तिनं लावला. डब्या कोमट होत्या. अंथरुणातून नुकत्याच उठलेल्या माणसाच्या उशीसारख्या.

विणकामवाली. मास्तर. धाकटी महाराणी.

प्रत्येक नाव मोजणी एकवर आल्यावरच उमटत होतं. घाई नाही, उशीर नाही. जणू दारातून एकेकालाच आत येता येत होतं, आणि मागचा माणूस पुढच्याला आत जाऊ देऊन, अदबीनं थांबून, मग पाऊल टाकत होता. सिस्टर प्रत्येक नाव ओठांतल्या ओठांत वाचत होत्या. एका नावाला त्या किंचित हसल्याही. हे मला रोज गोष्ट सांगायला लावायचे, म्हणाल्या. मग त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"बंद कर पोरी. घंटा बंद आहेत."

हे ती विसरली नव्हती. विसरेल कशी? पण तिला भीती वाटत नव्हती, हेच सगळ्यात विचित्र होतं. खोली कापसाची झाल्यासारखी वाटत होती. बाहेर रस्त्यावरचा आवाज कुठंतरी फार खाली, पाण्याखाली गेल्यासारखा झाला होता. पेटीतली सगळी माणसं उत्तर देत होती. सगळी. आणि पेटीत आई होती.

"सिस्टर, थोडंच..." ती म्हणाली. "अजून थोडी. आई यायचीय."

सिस्टरांनी तिच्याकडं बघितलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फक्त वळल्या आणि पलंगांकडं गेल्या. घंटा जे करणार होती ते हातानं करायला. पहिल्या पलंगापाशी वाकून त्यांनी कर्नलांच्या छातीवर तळवा ठेवला, मग पुढच्या, मग पुढच्या.

आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की वॉर्डातले श्वास बदलले आहेत. आता ते वेगवेगळे येत नव्हते. पडद्यावर नाव उमटलं की बाराही जण एकदम श्वास सोडत, आणि मोजणी सुरू झाली की बाराही जण तो धरून ठेवत. पाच, चार, तीन, दोन. खोलीत पंख्याशिवाय काही हलत नसे. कान देऊन ऐकणारी माणसं जशी श्वास धरतात, अगदी तसा. मग नाव. मग एक लांब, समाधानाचा उसासा, बारा छात्यांतून.

दिवेवाले. उसासा. आत्याबाई. उसासा.

प्रत्येक वेळी ती खालच्या रिकाम्या ओळीकडं बघत होती. आईच्या डबीचं नाव तिला माहीत होतं. सिस्टरांनी ठेवलेलं, 'चंपाकळी', कारण आई उशाशी कायम एक फूल ठेवायची. ते नाव वाचण्यासाठी ती एवढ्या लांबून परत आली होती. चौथ्या सेकंदाला आलेलं ते उत्तर कुणी ऐकलं नव्हतं. आज ऐकायला ती बसली होती. आणखी एक. यानंतर आणखी एकच.

बुद्धिबळवाले.

उसासा आला, पण अकरा जणांचा. कितव्या नावापासून तो अकराच जणांचा होता, हे तिनं मोजलंच नव्हतं.

"अगं..." सिस्टरांचा आवाज अगदी हलका होता. त्या अकराव्या पलंगापाशी वाकलेल्या होत्या. "बाबा श्वास घेत नाहीयेत."

पाच.

तिनं मान वळवून बघितलं. बाबांचा चेहरा उजेडाकडं होता. डोळे मिटलेले, ओठांवर कुणीतरी दारात दिसल्यावर येतं तसं काहीतरी.

चार. सिस्टरांनी त्यांना कुशीवर वळवायचा प्रयत्न केला. एकटीनं जमेना.

"हात लाव ना," सिस्टर म्हणाल्या. "किती वेळ झाला मला कळत नाहीये..."

तीन. यंत्राला विचारायची सोय नव्हती. बाबांची डबी नक्कीच सांगत असणार, केव्हापासून सांगत असणार, वीस सेकंद, तीस सेकंद. पण ऐकणारा दाराला कान लावून उभा होता. तिनंच त्याला तसं उभं केलं होतं. दोन वर्षांपूर्वीही कुणीतरी असंच ऐकत नव्हतं. तेव्हा तो घाईत होता म्हणून. आज तो घाईत नाही म्हणून.

दोन.

तिनं 'पुरे' दाबलं.

त्याच क्षणी घंटा वाजली. साठून राहिलेली, कर्कश, 'एक्सचेंज' नावाची. ती धावली. दोघींनी मिळून बाबांना उठवून बसतं केलं, सिस्टरांनी पाठीवर थापा मारल्या, तोंडात बोट घालून घसा मोकळा केला, आणि किती तरी वेळानं बाबांच्या छातीतून एक फाटका, रडल्यासारखा श्वास आत गेला. मग दुसरा. मग तो नेहमीचा, अडखळून वाट सापडणारा. घंटा थांबली. आजूबाजूला कर्नल खोकले, महाराणींनी झोपेत कूस बदलली. सगळे पुन्हा आपापल्या चालीनं श्वास घेऊ लागले होते.

ती बाबांचा हात धरून जमिनीवर बसली. रडत होती आणि काय काय बोलत होती ते तिचं तिलाही कळत नव्हतं. चूक झाली बाबा, मी थांबायला नको होतं, असंच काहीतरी. बाबांनी डोळे उघडले. आठ महिन्यांत ते 'पाणी' आणि 'नको' यापलीकडं बोलले नव्हते, आणि तेही तोंडात चिंधी असल्यासारखं. आता त्यांनी ओठ हलवले आणि तिला कान जवळ न्यावा लागला.

"लाईन का तोडलीस?" ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, नुसतं नवल होतं. "तिच्या पुढं... दोघंच होते."

नंतरचं सरळ आहे. त्या रात्री जागून तिनं प्रोग्राम बदलला. आता शोध वेगळा चालतो आणि घंटा वेगळी ऐकली जाते. दाराशी कोण का उभं असेना, घरात दुसरं कुणीतरी जागं असतं. आधीच असं लिहायला हवं होतं आणि तिनं तसं सिस्टरांना स्पष्ट सांगितलंही. आणि शोधाला तिनं मर्यादा घातली, पंधरा सेकंदांची. वॉर्डातल्या बाराही डब्या नऊ सेकंदांच्या आत बोलतात, म्हणजे दहा पुरे होते. वरचे पाच का ठेवले हे सिस्टरांनी विचारलं नाही.

पंधरा सेकंदांनंतर येणारी उत्तरं प्रोग्राम मोजत नाही. पण ती आली तर फेकून द्यायला तिचं मन होईना. म्हणून एक वेगळी फाईल केली, उशिरा आलेल्यांची. त्यात नाव उतरवायचं नाही असंही तिनंच ठरवलं. फक्त कितव्या सेकंदाला आलं, तेवढंच.

वीज गेली नाही तरी रोज जेवणानंतर एकदा शोध घ्यायचा, असा सिस्टरांनी नियम केला. पहिल्या दिवशी सगळं नीट झालं, बारा हजर, आणि फाईलमध्ये एक ओळ होती. एकाहत्तर. दुसऱ्या दिवशीही एकच ओळ. चौसष्ट. मग एकसष्ट. मग पन्नास. ते दोघं आता पुढं नसावेत, कारण रोज उत्तर एकच यायचं आणि ते रोज थोडं अलीकडं सरकायचं. फार लांबून चालत येणारा माणूस दुपारच्या उन्हात थोडं थोडं अंतर कापतो तसं.

बाबा मात्र सुधारत चालले होते. जेवण जायला लागलं होतं. आरसा मागून घेतला, दाढी करवून घेतली, नवा सदरा घालायचा हट्ट धरला, आणि हे सगळं खुणांनी, एका हातानं. बोलले मात्र त्या दिवसानंतर एक शब्द नाही. तिला वाटलं आपली माया कामी येते आहे. सिस्टर म्हणाल्या, या वॉर्डात कुणी एकदम असं आनंदी झालं की मला बरं वाटत नाही. मग जरा थांबून त्यांनी विचारलं की मर्यादेच्या आत जे उत्तर येईल त्याचं तुझा प्रोग्राम काय करतो.

त्याला हजर मानतो, असं ती म्हणाली. आणि त्याला एक पलंग लावून देतो.

"पलंग बाराच आहेत," सिस्टर म्हणाल्या, आणि पट्ट्या गुंडाळू लागल्या.

तेहतीस. सत्तावीस. बावीस.

काल दुपारी ते सोळाव्या सेकंदाला आलं.

रात्रभर ती विचार करत राहिली. आईला पुन्हा एकदा दाराबाहेर ठेवायचं, आणि तेही जाणूनबुजून. त्या तीन सेकंदांच्या जुन्या प्रोग्रामला निदान ठाऊक नव्हतं, आपण कुणाला बाहेर ठेवतोय ते. पण अकराव्या पलंगावर बाबा होते, जिवंत, आज सकाळी तिच्या हातानं अर्धी वाटी सूप प्यायलेले. दोघांतलं एकच कुणीतरी निवडायचं होतं, आणि निवडायला तिच्याशिवाय कुणी नव्हतं.

आज जेवणं उरकली. पडदे ओढले गेले. सिस्टर औषधं आणायला खाली गेल्या. ती टेबलाशी बसली, प्रोग्राम उघडला आणि मर्यादेच्या जागी पंधरा खोडून दहा लिहिलं. अजून साठवलं नव्हतं. कॉम्प्युटरचा पडदा भिंतीकडं वळवलेला होता, तिच्याशिवाय कुणाला दिसण्यासारखा नव्हता, आणि पंधराचा तो आकडा तिनं सिस्टरांखेरीज कुणाला कधी सांगितला नव्हता. वॉर्डात उजेड पांढुरका झाला होता. तिला भास झाला की बाराही श्वास एकदम थांबले आहेत. कान देऊन ऐकणाऱ्या माणसांसारखे.

तिनं कळीवर बोट ठेवलं.

"असू दे ना पंधराच," अकराव्या पलंगावरून बाबा म्हणाले. अडखळत नाही, तोंडात चिंधी असल्यासारखं नाही. ती लहान असताना एक्सचेंजमधून घरी फोन करायचे तेव्हा जसा यायचा, तसा स्वच्छ आवाज. "आता ती जिन्यात आहे."